भिकाजीराव अस्वलाची यंत्रपूजा

एका जंगलात वीज आली. कशी आली ते विचारू नका. खांब आले, तारा आल्या, आणि एका संध्याकाळी सगळ्यांना एकमेकांची तोंडं स्पष्ट दिसायला लागली. काहींना ते आवडलं नाही. पण वीज आली ती आली. आता सरळ बसा, मुलांनो. नाकातलं बोट काढा. गोष्ट सुरू झाली आहे.

विजेच्या मागून यंत्रं आली. सशांकडे गाजरं किसायचं यंत्र आलं. मोराकडे पिसं वाळवायचं यंत्र आलं. ज्या घरात यंत्र नाही त्या घरात मुलगी द्यायला हरणं कां कूं करायला लागली.

या जंगलात भिकाजीराव अस्वल राहायचे. तीस वर्षं ते पाणवठ्यावर मुकादम होते. आधी वाघसाहेब, मग गवे, मग हरणं, शेवटी कोल्हे, अशी रांग लावायचं काम त्यांचं. कोण पाणी पिऊन गेलं, कोणाची पाळी राहिली, सगळं तोंडपाठ. वही कधी ठेवली नाही. "वहीला वाळवी लागते. डोक्याला लागत नाही," असं ते म्हणायचे. यावर सगळं जंगल म्हणायचं, काय बाई यांची स्मरणशक्ती!

खरं सांगू? जरा जवळ या. भिकाजीरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही. कुणी कागद पुढे केला की ते खिसे चाचपायचे आणि म्हणायचे, "चष्मा कुठे ठेवला कोण जाणे!" चष्मा त्यांच्याकडे नव्हताच. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती. त्या खात्रीवरच ते जंगलात मान वर करून हिंडायचे.

त्यांच्या बायकोचं नाव द्वारकाबाई. लग्न होऊन आल्यापासून द्वारकाबाईंनी दळलं, वाटलं, धुतलं, पाणी भरलं. भिकाजीराव ओट्यावरून नुसतं "चहा!" म्हणायचे. दोन मिनिटांत कप हातात. कुठून येतो, कसा येतो, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

त्यांची लेक यमू धरणाकाठच्या जंगलात नोकरीला होती. तिनं आईसाठी एक वॉशिंग मशीन, एक मिक्सर, एक फ्रिज आणि एक पंखा पाठवून दिला. वडिलांसाठी टीव्ही पाठवला. पाचही खोक्यांवर भिकाजीरावांचं नाव होतं. म्हणजे यमूनं तसं कळवलंय, असं द्वारकाबाईंनी त्यांना सांगितलं. त्या दिवसापासून भिकाजीराव त्या यंत्रांचे मालक झाले.

आता काय झालं, द्वारकाबाईंची दुपार मोकळी झाली. तुमच्या आईची दुपार कधी मोकळी असते का रे? घरी जाऊन विचारा, आणि विचारून लगेच लांब पळा. तर या मोकळ्या दुपारी द्वारकाबाई जांभळीखाली जायला लागल्या. तिथं भेकरबाई म्हणून एक शिक्षिका मोठ्यांचा वर्ग घ्यायच्या. लहानपणी द्वारकाबाईंचे दोन्ही भाऊ शाळेत जायचे आणि त्या त्यांची दप्तरं शाळेच्या दारापर्यंत पोचवून परत यायच्या. दाराच्या आत काय असतं, ते त्यांना बघायचंच होतं. एवढी वर्षं झाली तरी ती इच्छा गेली नव्हती.

सहा महिन्यांत त्या अक्षरं जोडायला लागल्या. वर्गातलं पुस्तक संपलं. घरात दुसरं पुस्तक नव्हतं. मग त्यांनी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वाचायला घेतली. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायच्या, "यं-त्र... स-पा-ट... ज-मि-नी-व-र... ठे-वा-वे." ती संपल्यावर मिक्सरची घेतली. मग फ्रिजची. भेकरबाई म्हणाल्या, "द्वारकाबाई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, नदीपलीकडच्या शाळेत चौथीची परीक्षा आहे. तुमचं नाव घालते." द्वारकाबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

भिकाजीरावांनाही जेवण गेलं नाही. पण आनंदानं नाही.

एकदा द्वारकाबाईंनी त्यांच्यापुढे पुस्तिका धरली होती. "अहो, हे जोडाक्षर कुठलं हो? बघा जरा."

"चष्मा कुठे ठेवला कोण जाणे," भिकाजीराव खिसे चाचपत म्हणाले.

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "असू दे," त्या म्हणाल्या, आणि अक्षर भेकरबाईंना विचारून आल्या. पण भिकाजीरावांची धास्ती काही गेली नाही. आज जोडाक्षर विचारलं, उद्या आणखी काही विचारेल. चौथी झाली की विचारल्याशिवाय राहायची नाही. आणि मग जंगलाला कळेल. वाघसाहेबांना रांगेत उभं करणारा मुकादम, आणि त्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही!

बायकोला नको म्हणायला कारण लागतं. कारण त्यांना सापडत नव्हतं. ते टीव्हीनं दिलं.

टीव्हीवर रोज संध्याकाळी सात वाजता एक रहस्यमालिका लागायची. नाव 'बटण कुणी दाबलं?' एका मोठ्या घरात एक एकटं सांबर राहतं आणि त्याची यंत्रं त्याच्यावर उलटतात, अशी ती गोष्ट. सोमवारी इस्त्री आपोआप तापली. मंगळवारी मिक्सर रिकामाच फिरला. बुधवारी सांबरानं फ्रिजचं दार उघडलं, आणि आतला दिवा लागला! दार उघडल्यावर फ्रिजचा दिवा लागतोच, मला ठाऊक आहे. पण त्या वेळी संगीत असं वाजलं, आणि सांबराचं तोंड तीन वेळा इतक्या जवळून दाखवलं, की जंगलातल्या निम्म्या घरांनी त्या आठवड्यात फ्रिज उघडला नाही. दूध नासलं. दूध का नासलं, याचाही संशय फ्रिजवरच आला.

शेजारचे हरबाजी वानर रोज मालिका बघायला भिकाजीरावांकडे यायचे. त्यांच्या घरी यंत्र एकही नव्हतं, त्यामुळे त्यांना यंत्रांची माहिती फार.

"भिकाजीराव, तुमचं वॉशिंग मशीन चालतं का हो?" हरबाजींनी एकदा विचारलं.

"चालतं की."

"तसं नाही. जागचं चालतं का?"

भिकाजीरावांनी दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. कपडे पिळायची वेळ आली तसं मशीन थरथरलं, गुरगुरलं, आणि वीतभर पुढे आलं. सरळ त्यांच्या दिशेनं! त्यांनी किंकाळी फोडली. द्वारकाबाई धावत आल्या.

"अहो, त्याचा एक पाय आखूड आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "खाली चपटा दगड सरकवायचा. पान सात."

"त्याला पाय आहेत, याचं तुला काहीच वाटत नाही?" भिकाजीराव ओरडले.

त्या दिवसापासून भिकाजीराव यंत्रांशी अदबीनं वागायला लागले. मिक्सरला अहो-जाहो करायला लागले. पंख्याखालून जाताना वाकून जायला लागले. फ्रिज उघडण्याआधी दारावर टकटक करायची, असा त्यांनी घरात नियम केला. फ्रिज मधूनच उसासा टाकायचा, तेव्हा ते म्हणायचे, "काही चुकलं का आमचं?" वाघसाहेबांपुढे ज्यांचा आवाज कधी खाली आला नाही, ते भिकाजीराव वॉशिंग मशीनपुढे हळू बोलायचे.

भीती खरी होती, मुलांनो, उगाच हसू नका. रात्री उशाशी काठी घेऊन झोपायचे बिचारे. पण त्या भीतीच्या तळाशी कुठंतरी त्यांना बरंही वाटत होतं. यंत्रं गेली तर दुपार जाईल. दुपार गेली तर वर्ग जाईल. असं त्यांनी स्पष्ट मनाशी म्हटलं नाही. मोठी माणसं, म्हणजे मोठी अस्वलं, अशा गोष्टी स्वतःलासुद्धा स्पष्ट सांगत नाहीत.

अशात नवमी आली. खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, नांगर, शिवणयंत्र, जे हातात धरून आपण पोट भरतो त्याची पूजा करतात. हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची. किती छान पद्धत आहे! बोटभर हळद, चिमूटभर कुंकू, एक फूल. भिकाजीरावांच्या घरी दरवर्षी एवढंच व्हायचं.

पण यंदा भिकाजीराव म्हणाले, "एका फुलानं भागायचं नाही. यांची शांत करायची. यथासांग!"

त्यांनी पंखा सोडून चारही यंत्रं ओट्यावर ओळीनं मांडली. पाणवठ्यावर लावायचे तशी, मोठ्याच्या मागे लहान. वायरी लांबवून घेतल्या. पंखा वर टांगलेला होता, त्याला झेंडूच्या सात माळा बांधल्या. मग पंचामृत कालवलं. दूध, दही, तूप, साखर आणि मध. मध जरा जास्तच घातला. अस्वलाचं घर आहे शेवटी.

द्वारकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, हे काय चाललंय?"

"अभिषेक."

"कुणाला?"

"मिक्सरसाहेबांना. मग फ्रिजसाहेबांना."

"पाणी लावायचं नसतं हो त्याला! पुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलंय. थांबा, दाखवते." त्या पुस्तिका आणायला आत गेल्या. पुस्तिका जागेवर नव्हती. त्यांचं वर्गातलं पुस्तक, पाटी, वही, तेही नव्हतं. सगळं भिकाजीरावांनी पाटावर रचून, वर लाल फडकं घालून, हळदकुंकू वाहून पूजेला बसवलं होतं.

"आज आणि उद्या हात लावायचा नाही," भिकाजीराव म्हणाले. "पूजेतलं पुस्तक उघडत नसतात."

"अहो, परवा परीक्षा आहे माझी!"

"मग चांगलंच की. सरस्वतीला विश्रांती मिळेल."

"निदान ती मिक्सरची तरी द्या."

"आणि काय गं, ती पुस्तिका कोणी लिहिली? यंत्रवाल्यांनीच ना? ते यंत्रांच्या बाजूनंच लिहिणार. तुला वाटतं ते आपल्याला खरं सांगतील?"

द्वारकाबाई आत गेल्या आणि पाठ केलेली कविता चुलीपुढे बसून मनातल्या मनात म्हणायला लागल्या.

बाहेर पूजा जोरात सुरू झाली. हरबाजींनी झांज वाजवली. मिक्सरला पंचामृताचं स्नान झालं. फ्रिजच्या मागच्या जाळीतून गरम पाण्याची धार सोडली. वॉशिंग मशीनच्या डोक्यावर नारळ फोडला, त्याचं पाणी आणि अर्धी करवंटी आत गेली. टीव्हीला मात्र पाणी लावलं नाही. त्याला नुसतं लांबून ओवाळलं, कारण त्यानंच तर सावध केलं होतं. आरती झाली. जमलेल्या सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

"आता आशीर्वाद घेऊ," असं म्हणून भिकाजीरावांनी सगळी बटणं एकदम दाबली.

पंख्यानं आधी सातही माळा फेकल्या. एक हरबाजींच्या गळ्यात पडली, बाकीच्या भिकाजीरावांच्या नाकावर बसल्या. मिक्सरमधून धूर निघाला आणि त्याला मधाचा खमंग वास आला. फ्रिजला हात टेकून उभ्या असलेल्या एका सशाला असा झटका बसला, की त्याचे कान पुढे दोन दिवस खाली बसले नाहीत. वॉशिंग मशीन करवंटी खडखडवत ओट्यावरून निघालं, पायरी उतरलं आणि गर्दीत घुसलं. लोक ओरडत पळाले. मग कुठंतरी फाट् असा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

भिकाजीराव तुळशीमागे बसले होते. थरथर कापत होते. पण कापता कापता ते म्हणाले, "बघितलंत? मी म्हणत नव्हतो?"

ही बातमी दसऱ्याच्या सकाळपर्यंत जंगलभर झाली. आपट्याची पानं द्यायला दरवर्षी आठ-दहा जण यायचे. यंदा शंभर आले. हातात पान ठेवायचे, सोनं घ्या म्हणायचे, आणि विचारायचे, "कुठून धूर निघाला म्हणता?" भिकाजीराव प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. दहाव्या वेळी वॉशिंग मशीन दोन पायांवर उभं राहिलं होतं. तिसाव्या वेळी ते बोललं होतं. दुपारी चौघा गव्यांनी चारही यंत्रं ओढत नेली आणि ओढ्याकाठच्या घळीत लोटून दिली. टाळ्या पडल्या.

आणि या शंभर जणांना चहा कोणी केला? बरोबर. सकाळपासून चूल विझली नव्हती. पुरण पाट्यावर वाटलं, कपडे दगडावर आपटले, पाणी नदीवरून आणलं. दुपारी द्वारकाबाईंचे पंजे सोलवटले होते. पाटावर पुस्तकं लाल फडक्याखाली तशीच होती. येता-जाता त्या तिकडे बघायच्या. हात लावला नाही. पूजा नवऱ्याची असली तरी सरस्वती त्यांचीही होती.

संध्याकाळी टीव्हीवाला कोल्हा आला. काळा चष्मा, गळ्यात मफलर. म्हणाला, "भिकाजीराव, तुम्ही आमच्या सांबराच्या वर गेलात! उद्या सकाळी दहाला कॅमेरा घेऊन येतो. चित्रण करू, संध्याकाळी दाखवू. तुम्ही, तुमचा ओटा, तुमचं कुटुंब. वहिनी घाबरलेल्या दिसल्या पाहिजेत. आणि नाश्त्याला पंधरा जण असतील."

कोल्हा गेला. द्वारकाबाई दारात उभ्या होत्या.

"उद्या दहाला माझी परीक्षा आहे," त्या म्हणाल्या.

भिकाजीरावांनी खाली बघितलं. हा क्षण येणार हे त्यांना ठाऊक होतं. "पुढच्या वर्षी दे," ते म्हणाले. "परीक्षा कुठं पळून जाते? पंधरा जण यायचेत. आणि घरात एकही यंत्र नाही आता."

"पुढच्या वर्षी कशी देऊ? दुपार कुठून आणू?"

भिकाजीराव टीव्हीकडे वळले. खरं म्हणजे त्यांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा सुटका मोठी वाटली, आणि त्याची पुन्हा वेगळी लाज वाटली. असल्या भानगडी असतात, मुलांनो. तुम्ही मोठे झालात की कळेल, आणि कळल्यावर मला सांगायला येऊ नका. सात वाजले होते. त्यांनी टीव्ही लावला.

एकादशीची सकाळ उजाडली. भिकाजीरावांनी ओट्यावर बसून हाक मारली, "चहा!"

दोन मिनिटं गेली. कप आला नाही.

"अगं, चहा!"

आत भांडं वाजलं नाही. चूल पेटल्याचा वास नाही. भिकाजीरावांनी तिसऱ्यांदा हाक मारली आणि मग उठून आत गेले. स्वयंपाकघरात ते कितीतरी वर्षांनी शिरत होते. चूल सारवलेली होती. पाटावरचं लाल फडकं घडी घालून ठेवलेलं होतं आणि त्याखालची पुस्तकं गेली होती. पाटाच्या मधोमध मिक्सरच्या पुस्तिकेचं मागचं कोरं पान होतं. त्यावर काहीतरी काढलेलं होतं.

कागद! भिकाजीरावांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पण समोर कुणी नव्हतं, चष्मा कुणाला हरवून दाखवणार? ते खाली वाकले.

कागदावर एक अक्षरही नव्हतं. कोळशानं चित्रं काढली होती. वर एक उगवता सूर्य. मग नदी. नदीपलीकडे एक घर, त्यावर घंटा, आणि घराकडे निघालेलं एक अस्वल, डोक्यावर पदर. खाली एक मावळता सूर्य, आणि तेच अस्वल परत येताना. बाजूला एक दुरडी, दुरडीखाली तीन भाकरी. तिच्या शेजारी चूल, चुलीवर पातेलं, पातेल्यात दोन चिमटी पूड आणि एक मोठा चमचा साखर. साखर त्यांना जास्तच लागायची.

भिकाजीराव खाली बसले. त्यांनी पान उलटं केलं, सुलटं केलं. पुन्हा बघितलं. आता द्वारकाबाईंना लिहिता येत होतं. चांगलं येत होतं. तरी त्यांनी चित्रं काढली होती. सोलवटलेल्या पंजानं, एवढ्या कामातून वेळ काढून, एकेक भाकरी गोल काढली होती.

म्हणजे तिला ठाऊक होतं. आजपासून नाही. केव्हापासून कोण जाणे. पहिल्या वेळी चष्मा हरवला, तेव्हापासून असेल. आणि तिनं कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. भिकाजीरावांनी पंजानं डोळे पुसले.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कोल्हा, कॅमेरावाली घूस, दिवे धरणारी वटवाघळं, हरबाजी आणि अर्धं जंगल ओट्यावर चढलं.

"भिकाजीराव! तुम्ही एवढे पांढरे का पडलात?" कोल्ह्यानं उत्सुकतेनं विचारलं. "थांबा, थांबा, पुसू नका डोळे! कॅमेरा चालू करा! आज आणखी काही घडलं का? एखादं यंत्र राहिलंय का घरात?"

"एक राहिलं होतं," भिकाजीराव म्हणाले. "ते आज बंद पडलं."

"कुठलं?"

"चहाचं."

कोल्ह्याचे डोळे चमकले. "चहाचं यंत्र! आमच्या सांबराकडे पण नाही. कुठाय ते?"

"नदीपलीकडे. परीक्षेला गेलंय."

कोल्हा थोडा गोंधळला. मग त्याला हातातला कागद दिसला. त्यानं तो ओढून कॅमेऱ्यासमोर धरला. "प्रेक्षकहो, धमकी! यंत्रांनी मागे ठेवलेली धमकी! वर स्फोट. खाली दुसरा स्फोट. मधे वाहतं रक्त. आणि हे तीन गोळे, हे बहुतेक बॉम्ब असावेत. भिकाजीराव, मालक म्हणून सांगा, याचा अर्थ काय?"

सगळं जंगल भिकाजीरावांकडे बघत होतं. संध्याकाळी वाघसाहेबसुद्धा घरी बसून बघणार. हो म्हटलं की झालं! जन्मभर पानसुपारी. भिकाजीरावांनी कागद परत घेतला आणि पोटाशी धरला.

"भाकरी आहेत त्या," ते म्हणाले.

"काय?"

"भाकरी. दुरडीखाली आहेत. माझ्या बायकोनं ठेवल्यात. तिची परीक्षा आहे, संध्याकाळपर्यंत येते म्हणून सांगून गेली आहे. मला वाचता येत नाही, म्हणून चित्रं काढली." आणि पुढे म्हणाले, "लहानपणापासूनच येत नाही. यंत्रांनी काही केलेलं नाही. मीच पाणी ओतलं."

हरबाजींनी जांभई दिली.

"कट!" कोल्हा म्हणाला. "अहो, यात थरार कुठाय? भाकरी कोण बघेल?" त्यानं सामान आवरायला सांगितलं. नाश्ता नाही म्हटल्यावर पंधराही जण पाच मिनिटांत गेले.

भिकाजीरावांनी चुलीपुढे बसून चहा केला. चित्रात होतं तसाच केला. फक्त दुधाचं चित्र काढायचं राहिलं होतं, त्यामुळे दूध घातलं नाही. पहिला चहा उतू गेला, दुसरा करपला. तिसरा कसाबसा कपात पोचला. तो त्यांनी झाकून ठेवला आणि ओट्यावर बसून नदीकडे बघत राहिले.

संध्याकाळी द्वारकाबाई आल्या. चिखलानं पाय भरले होते, आणि तोंडावर असं काही होतं, जे भिकाजीरावांनी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"कसा गेला पेपर?" त्यांनी विचारलं. असं काही विचारायची त्यांची पहिलीच वेळ होती, म्हणून आवाज जरा मोठाच आला.

"गेला चांगला," द्वारकाबाई म्हणाल्या. "शेवटचा प्रश्न होता, 'यंत्रांचे फायदे' दहा ओळीत लिहा. माझ्या तेवीस झाल्या. बाईंनी कागद काढून घेतला हातातून."

भिकाजीरावांनी झाकलेला कप पुढे केला. चहा केव्हाच गार झाला होता. द्वारकाबाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, गिळला आणि म्हणाल्या, "साखर जास्त पडलीय."

"अगं," भिकाजीराव म्हणाले. मग त्यांनी फरशीवरची धूळ पंजानं पुसली. "ते माझं नाव आहे ना. खोक्यावर होतं ते. ते कसं लिहितात?"

द्वारकाबाईंनी चुलीतला कोळसा उचलला आणि ओट्याच्या फरशीवर पहिलं अक्षर काढलं. भिकाजीरावांनी ते गिरवलं. वाकडं आलं. पुन्हा गिरवलं. गिरवता गिरवता अंधार पडायला लागला. आत घड्याळात सात वाजून गेले होते, आणि टीव्ही कुणी लावला नव्हता.

आणि जंगलाचं काय झालं? कोल्ह्यानं सकाळचं चित्रण वाया जाऊ दिलं नाही. भाकरीचा भाग कापला आणि भिकाजीरावांचं रडवेलं तोंड तेवढं दाखवलं, तीन वेळा, जवळून. दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांनीही आपापली यंत्रं घळीत लोटून दिली. द्वारकाबाई आणि भेकरबाईंनी ती एकेक करून वर काढली, पुसली, उन्हात वाळवली. सगळी काही वाचली नाहीत, पण पुष्कळशी चालू झाली. आता जांभळीखाली दुपारी तेरा यंत्रं चालतात आणि वर्गात चाळीस जणी असतात. मागच्या रांगेत एक मोठं अस्वल बसतं. ते फार प्रश्न विचारतं, असं भेकरबाई म्हणतात.

तात्पर्य : घरातल्या कुणालाही वाचायला शिकू देऊ नये. एकदा का त्यांनी माहितीपुस्तिका वाचली, की यंत्रं मालकावर उलटायची थांबतात. मग संध्याकाळी सात वाजता अख्ख्या जंगलानं बघायचं काय?